छोट्या ग्रीक बेटावर निवांत वीकएंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथेन्सजवळच्या एखाद्या लहानशा बेटावर दोन-तीन दिवस जायचं, पोहायचं, खायचं, झोपायचं, बाकी काही नाही. असा बेत आखणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सँटोरिनी आणि मिकोनोस यांत नाहीत. बरीचशी उत्तरं आगिस्त्री या बेटाला धरून आहेत. हायड्रा, एजिना किंवा केआचा विषय असेल तिथे तसं म्हटलं आहे. बोटींची वेळापत्रकं हंगामागणिक बदलतात, म्हणून इथे सुटण्याच्या वेळा दिलेल्या नाहीत. तिकीट काढताना पाहा.

१. हातात दोनच रात्री आहेत. कोणतं बेट घ्यावं?

आगिस्त्री. अथेन्सच्या पिरियस बंदरातून वेगवान बोटीने तासाभरात पोचता येतं. बेट जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं, पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, गावं तीन-चार. मुंबईकर गेटवेहून बोट धरून अलिबागला जातात तसं अथेन्सवाल्यांचं हे बेट आहे, आणि त्यात जे गुणदोष येतात ते सगळे इथेही आहेत (प्रश्न २).

हायड्रा दिसायला जास्त देखणं. दगडी हवेल्या, अर्धवर्तुळाकार बंदर, आणि कचऱ्याची गाडी किंवा अग्निशमन बंब सोडले तर बेटावर मोटारी नाहीत. सामान खेचरांवरून जातं. पण बोटीला दीड ते दोन तास लागतात, तिकीट आणि खोली दोन्ही बरंच महाग, आणि दिवसभर सहलीच्या बोटी माणसं ओतत असतात. शेवटची बोट गेल्यावर मात्र हायड्रासारखं दुसरं नाही. खिसा परवानगी देत असेल तर जरूर जा.

केआला लाव्हरिओ बंदरातून तासाभरात जाता येतं आणि डोंगरातल्या पायवाटा उत्तम आहेत, पण गाडीशिवाय तिथे अडकल्यासारखं होतं. अनाफी, डोनुसा, इराक्लिया ही नावं यादीत घेऊन बरेच जण येतात. बेटं सुंदरच आहेत, पण वीकएंडची नव्हेत. जाण्यायेण्यातच दोन दिवस संपतील.

२. शांत बेट म्हणून निवडलं, पण शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नाही असं ऐकलं. खरं का?

जून ते सप्टेंबर, खरं. जवळच्या बेटांवर शुक्रवारी संध्याकाळी अथेन्स रिकामं होतं आणि रविवारी दुपारनंतर परत भरतं. म्हणून शांतता हवी असेल तर बेट बदलण्याआधी वार बदला. रविवारी दुपारी बेटावर उतरा आणि मंगळवारी परत या. जाताना तुमची बोट अर्धी रिकामी असते आणि समोरून येणारी खचाखच. त्याच खोलीचं भाडंही बहुतेक वेळा कमी लागतं. सोमवारची एक रजा टाकावी लागेल, पण ती वसूल होते.

शनिवार-रविवारच जमत असेल तर मे किंवा ऑक्टोबर धरा (प्रश्न ३).

काही तारखा मात्र कोणत्याही वाराला टाळाव्यात. १५ ऑगस्ट, म्हणजे मरियमचा मोठा सण, आणि त्याच्या आगेमागचा आठवडा. ऑर्थोडॉक्स ईस्टर, जो आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरशी दरवेळी जुळत नाही. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. आणि ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा सोमवार. ही सुट्टी बाहेरच्यांना माहीत नसते, पण अथेन्सकरांचा उन्हाळा तिथून सुरू होतो. २०२६ मध्ये हा सोमवार १ जूनला, २०२७ मध्ये २१ जूनला येतो.

३. कोणता महिना चांगला?

सप्टेंबर, त्यातही दुसरा पंधरवडा. उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून कोमट असतं, शाळा सुरू झालेल्या असतात, खाणावळी उघड्या असतात. मेमध्ये डोंगर हिरवे आणि रानफुलं भरपूर, पण पाणी गार. कोकणातल्या समुद्राची सवय असलेला माणूस पाय बुडवून परत येतो. ऑक्टोबर चालेल, मात्र महिनाअखेरीस निम्मी हॉटेलं कुलूप लावतात.

जुलैबद्दल एक सांगायला हवं. पाइनच्या झाडांवरचे सिकाडा किडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत असे किर्र वाजतात, की झाडाखालच्या टेबलावर बोलताना आवाज चढवावा लागतो. कुणाला त्यात गुंगी येते, कुणाचं डोकं उठतं. अंधार पडला की बंद.

४. भारतातून जायचं तर व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो आत गेलेला असावा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

घोळ होतो तो इथे: युरोपच्या मोठ्या सहलीत ग्रीसचे तीनच दिवस असतील, तर अर्ज ग्रीसकडे करायचा नाही. जिथे सर्वांत जास्त दिवस, त्या देशाकडे. दिवस समसमान असतील तर जिथे आधी उतराल त्या देशाकडे. आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असताना मध्ये लंडन किंवा इस्तंबूल घालू नका. शेंगेनच्या बाहेर पडलात की तो संपला.

५. मी जर्मनीत (किंवा नेदरलँड्समध्ये, किंवा लंडनमध्ये) राहतो. मला व्हिसा लागेल का?

शेंगेन देशाचं वैध निवास कार्ड असेल तर लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर ठेवा. कार्डाचं नूतनीकरण चालू असेल तर सांभाळून: मधल्या काळात मिळणाऱ्या तात्पुरत्या कागदावर दुसऱ्या शेंगेन देशात जाता येतंच असं नाही. ज्या कार्यालयाने कागद दिला त्यालाच विचारा, विमान कंपनीला नको.

लंडनकरांना मात्र लागतो. ब्रिटनमधला निवासाचा हक्क इथे उपयोगाचा नाही. तुर्कस्तानात आलेले बरेच जण विचारतात की समोरच्या ग्रीक बेटावर बंदरातच व्हिसा मिळतो ना? ती सोय तुर्की नागरिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

६. अथेन्स विमानतळावरून बोटीपर्यंत कसं जायचं?

मेट्रोची ३ क्रमांकाची मार्गिका २०२२ पासून थेट पिरियसपर्यंत जाते. तासभर लागतो, तिकीट ९ युरो. विमानतळावरून दर अर्ध्या-पाऊण तासाने एकच गाडी असते, हे मुंबई लोकलची सवय असलेल्यांनी ध्यानात ठेवावं. बॅगांसाठी पट्ट्यापाशी दहा मिनिटं गेली की एक गाडी गेली. एक्स-९६ ही बस चोवीस तास धावते, स्वस्तही आहे, फक्त रहदारीत अडकते.

पिरियस अवाढव्य आहे. बंदराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बॅग ओढत जाणं ही शिक्षाच. आगिस्त्री, एजिना आणि हायड्राच्या बोटी साधारणपणे ई-८ या दारातून सुटतात. मेट्रोतून बाहेर पडून पाणी उजव्या हाताला ठेवून पाच-दहा मिनिटं चाललात की ते येतं. तरी तिकिटावरचं दार एकदा वाचा.

रात्री नऊनंतर उतरणारं विमान असेल तर त्याच रात्री बेट गाठण्याचा विचार सोडून द्या. पिरियसमध्येच झोपा, सकाळची पहिली बोट धरा.

७. वेगवान बोट की संथ फेरी?

आगिस्त्रीला दोन्ही जातात. वेगवान बोटीत विमानासारख्या रांगा, बंद काचा, आणि काचांवर वाळलेल्या मिठाचा थर. बाहेरचं काही दिसत नाही. मोठी फेरी दुप्पट वेळ घेते, पण वरच्या डेकवर उघड्यावर बसता येतं, आणि तिकीट स्वस्त. घाई नसेल तर फेरीच. बोट लागणाऱ्यांनीही हीच घ्यावी. मोठी बोट कमी हलते. हायड्राला हा पर्याय नाही, तिथे फक्त वेगवान बोटी.

दोन गोष्टी सांभाळा. फेरी वाटेत एजिनाला थांबते आणि निम्म्याहून अधिक लोक तिथे उतरतात. गर्दीबरोबर तुम्हीही उतरू नका. दुसरं, आगिस्त्रीला धक्के दोन आहेत: फेरी स्कालाला लागते, वेगवान बोट मेगालोहोरीला. दोन्हींत चालत वीसेक मिनिटांचं अंतर. जाताना एका बोटीने आणि येताना दुसऱ्या बोटीने येणारे लोक हमखास चुकीच्या धक्क्यावर उभे दिसतात.

उतरण्याची घाई खरी असते. बोट पूर्ण थांबण्याआधीच मागचा लोखंडी उतार साखळ्यांच्या खडखडाटात खाली येऊ लागतो, माणसं आणि मोटारसायकली एकाच वेळी त्याकडे सरकतात, आणि पाच मिनिटांत बोट सुटलेलीही असते. बेटाचं नाव पुकारलं की जिन्याकडे निघा.

८. वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात म्हणे?

होतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, आकाश निरभ्र असतानाही. वेगवान बोटी आधी बंद पडतात. वारा ८ बोफोर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) आसपास गेला की मोठ्या बोटींनाही बंदर सोडायची परवानगी मिळत नाही. आगिस्त्री, एजिना, हायड्रा ही बेटं सारोनिक आखातात, म्हणजे आडोशाला आहेत, त्यामुळे तिथे हा प्रकार बराच कमी. केआला जास्त.

बोट कंपनीने रद्द केली तर युरोपीय संघाच्या नियमानुसार तुम्हाला पूर्ण पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यांतलं एक निवडता येतं. मात्र कारण हवामान असेल तर अडकलेल्या रात्रीचं हॉटेल तुमच्या खर्चाने. विमा घेताना हे कलम त्यात आहे का ते बघा.

संप हा वेगळा विषय. १ मे रोजी खलाशांचा संप जवळजवळ ठरलेला असतो. त्या दिवशी बोटीचं तिकीट काढूच नका.

९. परतीच्या दिवशी बोट आणि विमान यांत किती वेळ ठेवावा?

बोट पिरियसला लागण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत निदान पाच तास. शेवटच्या बोटीवर विमान बेतू नका. ती रद्द झाली तर मागे दुसरी नसते. सकाळचं विमान असेल तर आदली रात्र अथेन्समध्ये काढा.

१०. राहायला कुठे? आणि हॉटेलवाले वरचे पैसे कसले मागतात?

स्काला आणि मेगालोहोरी ही दोन सोयीची गावं. स्कालाला वाळूचा किनारा, दुकानं, खाणावळी, आणि उन्हाळ्यात रात्री संगीत. मेगालोहोरी थोडं निवांत. लिमेनारिया बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांत शांत, पण वाहनाशिवाय अवघड. आपल्याला स्वयंपाकघराची खोली आवडते, आणि इथल्या घरगुती खोल्यांत बहुधा छोटी शेगडी, फ्रीज असतोच. चौकशी करताना ‘समुद्र दिसतो का’ याच्याआधी ‘खाली बार आहे का’ हे विचारा.

वरचे पैसे म्हणजे सरकारी हवामान कर, फसवणूक नाही. एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीमागे दर रात्री एक-दोन तारांकित हॉटेलात २ युरो, तीन तारांकितात ५, चारमध्ये १०, पाचमध्ये १५. ऑनलाइन दाखवलेल्या रकमेत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो.

११. शाकाहारी माणसाचं काय होईल?

अथेन्सच्या पर्यटकी चौकापेक्षा बेटावर जास्त चांगलं होईल. ग्रीक घरगुती जेवणात तेलातल्या भाज्यांचा एक मोठा विभाग आहे. फासोलाकिया म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा. गिगांदेस म्हणजे भट्टीतले मोठे पांढरे वाल. ब्रिआम म्हणजे बटाटा, वांगं, झुकिनी यांची भाजलेली मिसळ. फावा ही पिवळ्या डाळीची घट्ट पेस्ट, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल; आपल्या माणसाला ती पहिल्याच घासात ओळखीची वाटते. होर्ता म्हणजे लिंबू पिळलेल्या उकडलेल्या रानभाज्या. शिवाय पालक किंवा चीज भरलेल्या पेस्ट्र्या, आणि टोमॅटो-काकडीची गावठी कोशिंबीर, वर फेटा चीजचा सबंध तुकडा.

भाताने भरलेले टोमॅटो-मिरच्या, म्हणजे येमिस्ता, मागवताना आत खिमा आहे का ते विचारा. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांचंही तेच. मेनूवर नसलं तरी ‘आज भाजीचं काय आहे’ म्हटलं की मालकीणबाई स्वयंपाकघरात नेऊन पातेली उघडून दाखवतात. लहान खाणावळीत यात वावगं काही नाही. ब्रेड न मागता येतो आणि त्याचे पैसे बिलात असतात.

रात्रीचं जेवण नऊनंतर. सातला गेलात तर खाणावळीत तुम्ही आणि मांजरं.

१२. मेनूवर ‘निस्तिसिमो’ लिहिलेलं असेल तर ते शुद्ध शाकाहारी ना?

नाही, आणि हीच सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. निस्तिसिमो म्हणजे चर्चच्या उपासाला चालणारं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. म्हणजे दूध वर्ज्य आणि माकूळ चालू, आपल्या उपासाच्या अगदी उलट. कडक शाकाहारी असाल तर फेटा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या रसाने) विरजतात, हेही माहीत असू द्या.

जैन जेवण बाहेर मिळणं कठीण आहे. कांदा-लसूण जवळजवळ सगळ्यात असतो. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या (प्रश्न १०) आणि किराणा पिरियसहून आणा.

१३. बेटावर फिरायला स्कूटर मिळेल का? भारतीय लायसन्स चालेल?

स्कूटर मिळते. भारतीय लायसन्सबरोबर आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. दुकानदाराने न पाहता किल्ली दिली तरी अपघात झाल्यावर विमा कंपनी पाहते.

खरं सांगायचं तर दोन दिवसांसाठी गरज नाही. स्काला, मेगालोहोरी आणि लिमेनारिया यांना जोडणारी बस आहे, सायकली भाड्याने मिळतात. हायड्रावर तर सायकललाही बंदी आहे. पाय, खेचर किंवा पाण्यातली टॅक्सी.

१४. पोहता येत नाही. मग जाऊन काय करू?

स्कालाच्या किनाऱ्यावर वाळू आहे, उतार मंद आहे, लहान मुलं कमरेएवढ्या पाण्यात खेळत असतात. तिथे बसायला काही हरकत नाही. बाकीचे किनारे गोट्यांचे किंवा खडकांचे, आणि दोन पावलांवर पाणी खोल होतं. खडकांवर काळे सागरी साळू चिकटलेले असतात. पाय पडला तर काटे मोडून आत राहतात आणि सगळा वीकएंड चिमट्याने काढण्यात जातो. रबरी जलचपला अथेन्समध्येच घ्या.

ड्रागोनेराला पाइनची सावली आहे. आपोनिसोस हे पुलाने जोडलेलं टिकलीएवढं बेट, पाणी हिरवंगार, पण जागा खासगी असल्याने आत जायला पैसे पडतात. जीवरक्षक सगळीकडे नसतात.

१५. आगिस्त्रीच्या हालिकियादा किनाऱ्याचे फोटो पाहिले. सहकुटुंब जावं का?

पांढऱ्या कड्याखालची ती जागा बेटावर सगळ्यांत सुंदर आहे. पण तिथे लोक विवस्त्र पोहतात, पूर्वीपासून. आई-वडील किंवा शाळकरी मुलं बरोबर असतील तर आधी ठरवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरण्याची वाट घसरडी आहे आणि कड्यावरून दगड सुटतात. कड्याच्या पायथ्याशी सावली मिळते म्हणून बसू नका. तंबू टाकणं बेकायदेशीर आहे, जरी टाकलेले दिसले तरी.

१६. आई-बाबांचे गुडघे दुखतात. हायड्रा जमेल का?

बंदराच्या सपाटीवरची खोली मिळाली तरच. बंदर सोडलं की गाव म्हणजे नुसत्या पायऱ्या, आणि टॅक्सी नावाची वस्तू नाही. ज्येष्ठांसाठी एजिना उत्तम: सपाट बंदर, टॅक्सी, बस, दवाखाना. अँब्युलन्सचा क्रमांक १६६, कोणत्याही संकटात ११२. रोजच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवा. कोडीनसारखी औषधं इथे चिठ्ठीशिवाय चालत नाहीत.

१७. दोन दिवस नुसतं बसून कंटाळा आला तर?

आगिस्त्रीहून छोट्या बोटीने वीसेक मिनिटांत एजिना. स्वतंत्र ग्रीसची १८२८ मधली पहिली राजधानी हीच. बंदराहून बसने अफाइया या देवीच्या मंदिरापर्यंत जा. इसवी सनपूर्व ५०० च्या सुमाराचं हे डोरिक शैलीचं (साध्या, जाड खांबांचं) मंदिर टेकडीवर पाइनच्या रानात उभं आहे, आणि खांबांची दुहेरी ओळ अजून ताठ आहे. त्याच्या त्रिकोणी शिखरावरची शिल्पं १८११ मध्ये उकरून काढली गेली आणि आज म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत. म्युनिककर मराठी मंडळींनी आधी तिथे ती पाहून मग इथे रिकामी चौकट पाहावी.

येताना पिस्ते घ्या. एजिनाच्या पिस्त्यांना युरोपात नामसंरक्षण आहे. नवा माल ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात येतो. सालासकट, खारवलेले, धक्क्यावरच्या टपऱ्यांतून.

१८. दुपारी तीनला सगळं गाव बंद का होतं?

झोपतं म्हणून. एप्रिल ते सप्टेंबर दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ हे कायद्यानेच शांततेचे तास आहेत. बाल्कनीत स्पीकर लावलात तर शेजारी पोलिसांना बोलावू शकतात, आणि बोलावतात. पुणेकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

१९. पाणी, पैसे, प्लग?

पिण्याचं पाणी बाटलीचं. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण एटीएम मोजकीच, म्हणून शे-दीडशे युरो रोख असू द्या. आपला दोन बारीक पिनांचा चार्जर बसतो, तीन जाड पिनांचा बसत नाही. टॉयलेट पेपर कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात. पाइप अरुंद असतात आणि तुंबले तर निस्तरायला बेटावर प्लंबर एखाद-दुसराच. जेट स्प्रे मिळेल ही आशा सोडा.

२०. फोन अचानक जोरात वाजला आणि आगीचा संदेश आला. काय करायचं?

तो ११२ चा इशारा. ग्रीक आणि इंग्रजी दोन्हींत असतो. त्यात ज्या दिशेला जायला सांगितलं आहे तिकडे निघा, सामान आवरत बसू नका. आगीचा धोका रोज १ ते ५ अशा पायऱ्यांत जाहीर होतो आणि वरच्या दोन पायऱ्यांना रानातल्या वाटा बंद होऊ शकतात. आगिस्त्री म्हणजे सगळंच पाइनचं रान, त्यामुळे सिगारेटचं थोटूक किंवा किनाऱ्यावरची शेकोटी हा इथे फार मोठा गुन्हा समजतात.

२१. एकच रात्र मोकळी आहे. जावं की नको?

विमान दुपारच्या आत अथेन्सला उतरत असेल आणि दुसऱ्या दिवशीचं रात्रीचं असेल तर एजिनाला जा. बोटी जास्त, म्हणून एक चुकली तर दुसरी मिळते. यापेक्षा कमी वेळ असेल तर ट्रामने अथेन्सच्याच दक्षिण किनाऱ्यावर ग्लिफादापर्यंत जाऊन पोहून या. बोटीचे पैसे वाचतील.